मुन्शीला दवाखान्यात कशात न्यायचं

सोमवार, दिवाळी होऊन आठवडा झालेला. मंजूर रक्कम पाचशे रुपये, किरकोळ खर्चातून. हजर: मी, म्हणजे काटाबाबू, आमचे मॅनेजर ढोबळे साहेब, ड्रायव्हर इस्माईलभाई, आणि लाल बादलीत बसलेला मुन्शी.

मुन्शी म्हणजे आमच्या वजनकाट्यावरचा बोका. लाल बादली आग विझवायच्या वाळूची. सेफ्टीच्या नियमाप्रमाणे काटाघराबाहेर अशा बादल्या ठेवाव्या लागतात. त्यातली एक मुन्शीने स्वतःच्या कामासाठी धरली होती आणि तिच्यातली वाळू मी दर शनिवारी बदलत असे. त्या सकाळी तो बादलीत बसत होता, जोर करत होता, उठत होता, दोन पावलं जाऊन परत बादलीत येत होता. वाळू कोरडी होती.

"बद्धकोष्ठ झालं असंल," ढोबळे साहेब म्हणाले. "एरंडेल पाजा थोडं."

"साहेब, पोट दाबून पाहा. लिंबासारखं टणक लागून राह्यलं."

इस्माईलभाई ट्रकमधून उतरून जवळ आले. वाकून पाहिलं. "बाबूजी, पेशाब बंद है इसका. मेरे चाचा का ऐसाइच हुआ था."

"मग चाचांचं काय झालं?"

"नली डाली. अब एकदम ठीक हैं. रोज झगडा करते."

मुन्शीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि ओरडला. नेहमीची म्याव नव्हती ती. खोल, घोगरा आवाज. 

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढची चूक त्या कामातूनच झाली. वणीहून बाहेर पडणाऱ्या कोळशाच्या रस्त्यावर आमचा वजनकाटा आहे. ट्रक अख्खा काट्यावर चढतो. रिकाम्या ट्रकचं वजन म्हणजे टेअर, भरलेल्याचं ग्रॉस. ग्रॉसमधून टेअर वजा केलं की माल. पडद्यावरचा आकडा थांबला, बाजूचा हिरवा दिवा लागला, की मी बटण दाबतो आणि पावती निघते. गेली अनेक वर्षं मी हेच करतो. काट्याखाली लोखंडी पट्ट्यांमध्ये लोडसेल नावाचे वजन मोजणारे भाग असतात, त्यांच्या वायरी जमिनीखालून ऑफिसात येतात. या वायरी उंदरांना फार आवडतात. मुन्शी येण्याआधी वर्षातून दोन-तीनदा वायर कुरतडली जायची, काटा बंद पडायचा, ट्रकांची रांग लागायची. मुन्शी आल्यापासून एकदाही नाही. म्हणून त्याच्यासाठी कंपनीने पाचशे रुपये मंजूर केले, यात कोणाला नवल वाटू नये. नवल एवढंच, की साहेबांनी ते मी न मागता केले.

मी वणीतल्या डॉक्टर मेश्राम मॅडमना फोन लावला. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांनी गावात छोटा दवाखाना काढला आहे. मी लक्षणं सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "नर आहे का?"

"हो."

"मग आत्ताच्या आत्ता आणा. बोक्याची मूत्रनळी फार बारीक असते. तिच्यात खडे अडकले की पाणी आत साचतं, विष अंगात भिनतं, मग हृदय थांबतं. उद्यावर टाकू नका."

आणायचं कशात, हा प्रश्न तेव्हा कोणी नीट विचारलाच नाही. इस्माईलभाई म्हणाले पोतं. मी नको म्हटलं, पोत्यात श्वास कोंडतो. साहेबांनी प्रिंटरच्या कागदाचा खोका दिला. आम्ही भोकं पाडली, मुन्शीला आत ठेवलं, वरून टेप मारली, आणि साहेबांच्या जीपमध्ये मी खोका मांडीवर घेऊन बसलो. शाळेच्या फाट्यापर्यंत खोक्याचा एक कोपरा ओला झाला. लघवी नव्हे, लाळ. पुढे त्या कोपऱ्यातून एक पंजा आला. मग दुसरा. दवाखान्याच्या दारात पोहोचलो तेव्हा मुन्शीचं अर्धं शरीर बाहेर होतं आणि मी त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. माझ्या मनगटावर अजून खुणा आहेत.

मॅडमनी भूल दिली, नळी घातली, पिशवीभर लालसर पाणी काढलं. मी बाहेर बाकावर. साहेब परत गेले, कारण त्या आठवड्यात रेक लागलेली होती. रेक म्हणजे कोळसा भरायला साईडिंगवर उभी राहणारी मालगाडी. ती वेळेत भरली नाही तर दंड बसतो. आमच्या काट्यावरून ट्रक गेले तरच ती भरते.

तासाभराने मॅडमनी आत बोलावलं. मुन्शी टेबलावर झोपला होता. गळ्यात प्लास्टिकचा मोठा शंकू, त्याने टाके चाटू नयेत म्हणून. मागून एक बारीक नळी निघालेली, दोन टाक्यांनी शिवलेली.

"वजन चार किलो आठशे," मॅडम म्हणाल्या. "नळी बुधवारपर्यंत राहील. उद्या सकाळी आणा, मी आतून धुते. परवा आणा, काढते. इथे ठेवून घेतलं असतं, पण रात्री इथे कोणी नसतं."

"आणतो."

"कशात आणणार?"

मी फाटलेल्या खोक्याकडे पाहिलं.

"काटाबाबू, नीट ऐका. आज सकाळी हा निसटला असता, तर शोधून परत आणता आला असता. आता निसटला तर नळी कुठंतरी अडकून ओढली जाईल. आतून फाटलं तर मी काही करू शकणार नाही. नळी अर्धवट निघाली तर परत बंद. पळाला म्हणजे गेला, असंच धरा. कडक भिंतीची पेटी घ्या. दार पक्कं लागणारी. वरून उघडणारी मिळाली तर फारच चांगलं, म्हणजे मला त्याला खेचून काढावं लागणार नाही. आत त्याच्या वासाचा टॉवेल घाला."

हे सगळं मी ऐकलं. तरी संध्याकाळी वेगळंच घेतलं. कसं, ते सांगतो.

वणीत मांजराच्या वस्तू मिळण्याची जागा एकच, मासे आणि पक्षी विकणाऱ्याचं दुकान. मालक तरुण, बोलका. त्याने चार वस्तू काढल्या. पोपटाचा तारेचा पिंजरा, पाठीवर घ्यायची पारदर्शक घुमटाची बॅग, घडी होणारी कापडी बॅग, आणि वरच्या फळीवरची करडी प्लास्टिकची पेटी.

"काका, घुमटवाली घ्या. फॅन्सी आयटम हाये. मांजर बाहेरचं पाहते, लोक मांजराले पाहतात."

"उन्हात आत काय होईल?"

"नोव्हेंबर हाये न आता."

"नोव्हेंबरात पण बारा वाजता इथं काच तापते. ठेवा ती."

तारेच्या पिंजऱ्यात हात घालून पाहिला. तळ गजांचा. नळी गजात अडकली की संपलं. तोही बाजूला. करडी पेटी मला पसंत होती. कडक, दोन भागांची, मधोमध चापांनी जोडलेली, म्हणजे चाप काढले की वरचं झाकण अख्खं निघतं. किंमत सोळाशे. मी ढोबळे साहेबांना फोन केला.

"सोळाशे?" साहेब म्हणाले. "मंजूर पाचशे हायेत. अन् स्वस्तातलं दुसरं काय हाये?"

"कापडी बॅग. साडेचारशे. जाळीच्या खिडक्या, झिप."

"किती वजन झेपते तिले?"

मी पट्टी वाचली. "आठ किलो लिहिलं आहे."

"मुन्शी किती?"

"चार-आठशे."

"मग झालं न. काट्यावरचे माणूस तुम्ही. आठच्या गाडीत पावणेपाच टाकून राह्यले. ओव्हरलोड तर नाही?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या कागदावर क्षमता लिहिलेली असते आणि माल तिच्यापेक्षा कमी असला की गाडी पास. आमच्या धंद्यात सुरक्षित असण्याची व्याख्या एवढीच. मी साडेचारशे मोजले, पावती घेतली आणि भुलीने अजून पेंगणाऱ्या मुन्शीला दवाखान्यातून त्याच बॅगेत घरी आणलं.

मी राहतो काट्यामागच्या क्वार्टरमध्ये. बायको सुनीता दारातच उभी होती. एरवी मुन्शीला घरात घ्यायला तिचा विरोध, पण शंकू घातलेलं तोंड पाहून ती बाजूला झाली. स्वतःचा जुना टॉवेल आणून कोपऱ्यात अंथरला. मुन्शी त्यावर जाऊन बसला.

मी रिकामी बॅग घेतली, त्यात तांदळाची पाच किलोची थैली आणि वरून तीन किलो तूरडाळ ठेवली, झिप लावली आणि बॅग छताच्या हुकाला टांगली. तळ ताणला गेला, पण शिवण उसवली नाही. हलवून पाहिलं. चहा होईपर्यंत तशीच ठेवली.

"हे काय करून राह्यले?" सुनीताने विचारलं.

"टेस्ट. आठ किलो बरोबर झेपतं."

ती हसली. "तांदूळ काय पळून राह्यला का? तांदूळ आंगावर येते का? त्या बोक्यानं सकाळी तुमच्या हाताची चाळणी केली, अन् तुम्ही डाळ टांगून राह्यले."

तेव्हा मला जनावरांच्या गाड्या आठवल्या. कधीकधी बैलबाजाराच्या गाड्याही आमच्या काट्यावर येतात. कोळशाचा ट्रक चढला की आकडा लगेच थांबतो. बैलांच्या गाडीचा थांबतच नाही. एक बैल सरकला की वीस किलो वर, दुसऱ्याने पाय आपटला की चाळीस खाली. वजन तेवढंच असतं, पण ते लोखंडावर येतं कसं, ते बदलतं. मी पंधरा-पंधरा मिनिटं बटणावर बोट ठेवून बसलेलो आहे. आणि तरी मी बॅग घेतली ती कोळशाच्या हिशेबाने.

दुकान बंद झालं होतं. सकाळी आठला पोहोचायचं होतं आणि दुकान उघडतं दहाला. जे आहे त्यातच जायचं होतं. मी काट्यावर जाऊन एक सील आणलं. ट्रकांच्या ताडपत्रीला आम्ही प्लास्टिकचं नंबर असलेलं सील लावतो, ते तोडल्याशिवाय निघत नाही. सकाळी मुन्शीला टॉवेलासकट बॅगेत ठेवलं, दोन्ही झिपांच्या ओढायच्या कड्या एकत्र आणून त्यात सील अडकवलं, दाबलं. खटकन बसलं. तेवढंच समाधान.

क्वार्टरपासून जीपपर्यंत चालत जायचं होतं. रेकमुळे भरलेल्या ट्रकांची रांग काट्यापासून वळणापर्यंत. दुसऱ्या बाजूने रिकामे ट्रक परत येत होते. मी बॅग छातीशी धरली होती. सुनीता मागून येत होती. शंकू मोठा, बॅग मऊ. त्यामुळे मुन्शीने मान फिरवली की शंकूची कड जाळीला घासत होती. ते मला दिसत होतं. मी पाय उचलले.

शेजारच्या ट्रकने एअरब्रेक सोडला. फिस्स करून हवा सुटली, अगदी आमच्या कानाशी.

बॅगेत स्फोट झाल्यासारखं झालं. जाळीची खिडकी तीन बाजूंनी शिवणीतून निघाली आणि करड्या रंगाची एक वस्तू माझ्या खांद्यावरून रस्त्यावर पडली. मी हातातल्या बॅगेकडे पाहिलं. झिप बंद होती. सील शाबूत होतं. मांजर बाहेर होतं.

मुन्शी शंकू हलवत थेट रस्त्यात शिरला. समोरून रिकामा ट्रक येत होता. मी ओरडलो. आवाज निघाला का नाही, मला माहीत नाही. मुन्शीने रस्ता ओलांडला, पलीकडे नाली पाहून बिचकला, परत वळला आणि भरलेल्या ट्रकांच्या रांगेत घुसून इस्माईलभाईंच्या ट्रकखाली दिसेनासा झाला.

येणारा ट्रक कचकन थांबला. त्यामागचाही. इकडच्या रांगेत इंजिनं चालू होती, पण कोणी पुढे सरकलं नाही. ज्या गाड्या एकमेकींना इंचभर जागा देत नाहीत, त्या सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

कारण मांजर आडवं गेलं होतं. तेही दोनदा.

आमच्या रस्त्यावर हा नियम कोणत्याही सिग्नलपेक्षा पक्का आहे. मांजर आडवं गेलं की गाडी थांबवायची आणि दुसऱ्या कोणीतरी ती रेघ ओलांडेपर्यंत वाट पाहायची. जो पहिला जाईल त्याच्या माथी. एरवी हे मिनिटभरात मिटतं, अनोळखी कोणीतरी पुढे जातो. पण रेकच्या रांगेत सगळे ओळखीचे. कोण कोणाला म्हणणार, तू जा?

साहेबांची जीप पुढे उभी होती. ते खिडकीतून ओरडले, "लाइन काहून थांबली? रेक उभी हाये तिकडं! चला, काढा गाड्या!"

येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "साहब, बिल्ली काट गई. काली थी."

"काळी नाही, पांढरा बोका आहे तो!" मी म्हटलं. "कोळशाची धूळ आहे."

"धूल हो या कुछ भी, दिखी तो काली."

"मग मी सांगतो न, चला!" साहेब म्हणाले.

इस्माईलभाईंनी स्टेअरिंगवरून हात न काढता विचारलं, "साहब, पहले आप निकलिए न. आपकी गाडी हल्की है."

साहेबांनी समोर रस्त्याकडे पाहिलं. त्यांच्या मुलीची सोयरिक ठरत होती, पाहुणे त्याच आठवड्यात येणार होते. हे आम्हा सर्वांना माहीत होतं. त्यांनी खिडकीची काच वर केली आणि जीपमध्येच बसून राहिले.

मी त्या घटकेला देवाचे, ड्रायव्हरांचे आणि साहेबांच्या भीतीचे, सगळ्यांचे आभार मानले. मग इस्माईलभाईंना ओरडून सांगितलं, "भाई, मुन्शी तुमच्या गाडीखाली आहे. मागच्या चाकांमध्ये. गाडी हलवू नका."

त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली. "अब गाडी आपके पास है, बाबूजी." मग दाराबाहेर लोंबकळून मागच्यांना हाताने खूण केली. एकेक करून रांगेतली इंजिनं बंद झाली.

मी ट्रकखाली सरपटत गेलो. गरम ऑइलचा वास. मागच्या जोडचाकांच्या मध्ये, धुऱ्याला चिकटून मुन्शी बसला होता. डोळे पूर्ण काळे. शंकूला एक चीर गेली होती. नळी दिसत होती, पण टाके दोन्ही आहेत का, ते कळत नव्हतं. मी हात पुढे केला, तो मागे सरला. अजून हातभर मागे सरकला असता तर दुसऱ्या बाजूने बाहेर, थेट त्या बाजूच्या नालीत, पुढे तुरीच्या शेतात. मग आम्ही त्याला शोधत बसलो असतो आणि तो कुठंतरी पडून राहिला असता.

मी हात मागे घेतला.

"काय पायजे?" सुनीता बाहेरून हळू आवाजात म्हणाली.

"कडक काहीतरी. भिंती असलेलं. त्याला आत शिरता येईल असं."

तिने पेटी शोधली नाही. रस्त्याकडेला कमलाबाईचं चहाचं दुकान आहे, तिथून दुधाच्या पिशव्यांचे दोन रिकामे क्रेट उचलून आणले. निळे, जाळीदार, कडक. कमलाबाई मागून ओरडली, "अवो, दूधवाला उद्या मोजून घेते!" सुनीताने एक क्रेट आडवा करून माझ्याकडे सरकवला. बॅगेतला टॉवेल त्यात घातला.

मी क्रेट मुन्शीच्या पुढ्यात ठेवला, उघडं तोंड त्याच्याकडे. इस्माईलभाईंनी गाडीची जुनी ताडपत्री दिली. ती आम्ही क्रेटवर आणि चाकाच्या पलीकडच्या बाजूला टाकली. आता त्याला उजेडाची वाट एकच होती, माझ्या बाजूची, आणि तिथं मी होतो. अंधार क्रेटच्या आत होता. घाबरलेलं मांजर माणसाकडे येत नाही. आडोशाकडे जातं. मी तोंड बाजूला वळवलं आणि हललो नाही.

किती वेळ गेला, ते मी पाहिलं नाही. कानाशी फक्त थंड होणाऱ्या लोखंडाचा टकटक आवाज. मग शंकू क्रेटच्या कडेला घासल्याचा आवाज आला. मुन्शीने टॉवेल हुंगला. आत गेला. शंकूसकट वळला आणि बसला.

मी हळूच क्रेट उभा केला. सुनीताने दुसरा क्रेट उपडा करून वर ठेवला. कडा कडांवर बसल्या. इस्माईलभाईंनी ताडपत्रीच्या दोरीने चारी बाजूंनी आवळून बांधलं. ट्रकवाल्याची गाठ, ओढली तर घट्ट होते, टोक खेचलं तर सुटते.

"अब बैल भी डालो तो नहीं खुलेगा," ते म्हणाले.

मी किल्ली परत दिली. ते ट्रकमध्ये चढले आणि पहिले निघाले. दोन्ही बाजूंच्या गाड्या त्यांच्या मागे सुटल्या. मी त्यांना थांबवायला गेलो होतो, काहीतरी बोलायला, पण ते हात हलवून गेले. साहेबांनी जीपची काच खाली केली. "बसा लवकर," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात मॅडमनी दोरीचं टोक खेचलं, वरचा क्रेट उचलला. मुन्शी खालच्या क्रेटमध्ये टॉवेलावर जसाच्या तसा बसून होता. त्यांनी त्याला बाहेर काढलंच नाही. तिथंच वाकून नळी पाहिली.

"एक टाका तुटलाय. दुसऱ्यावर राहिली आहे."   त्यांनी सिरिंजने पाणी आत सोडलं, परत ओढलं. पाणी आलं, फिकट गुलाबी. "चालू आहे. नशीब म्हणा."

त्यांनी नवा टाका घातला. मग क्रेटकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मी काल हेच सांगत होते. खालचा अर्धा भाग टेबलासारखा, वरचा झाकणासारखा. पण हे दूधवाल्याला परत करा आणि पेटी घ्या. बोक्यांचा हा आजार उलटतो. पुन्हा यावं लागेल."

दहाला दुकान उघडलं तेव्हा मी दारातच होतो. करडी पेटी खाली काढायला लावली. या वेळी त्यावर किती किलो लिहिलंय ते वाचलं नाही. मुन्शीची लांबी मी दवाखान्यात वीतभर-वीतभर मोजली होती, ती पेटीच्या तळावर मोजली. त्याला उभं राहून वळता यावं एवढी जागा होती, आणि घसरत जाईल एवढी जास्त नव्हती. पेटी बंद करून उलटी केली. हलवली. दार मुठीने ठोकलं. चापांवर गुडघा ठेवून दाबलं. एक चाप सैल वाटला, तो दुकानदाराकडून दुसऱ्या पेटीचा बदलून घेतला.

"काका, मांजर नेऊन राह्यले का बिबट?" तो म्हणाला.

"मांजर. बिबट्याला दार फोडायची घाई नसते."

घरी पेटीचं दार काढून ती कोपऱ्यात ठेवली, तोच टॉवेल आत. मुन्शीने दुपारभर तिच्याकडे पाठ केली. संध्याकाळी सुनीताने त्यात सुकट ठेवली. तो आत गेला, खाल्लं, बाहेर आला. मग परत आत गेला आणि तिथंच झोपला.

बुधवारी आम्ही दार लावलं, पेटीवर चादर टाकली आणि निघालो. पेटी सीटवर नव्हे, सीटखालच्या पायाच्या जागेत, दोन्ही बाजूंनी अडकवलेली. ट्रकांच्या रांगेतून गेलो. एअरब्रेक सुटले, हॉर्न वाजले. आतून एकदा आवाज आला, बस. मॅडमनी चाप काढून झाकण उचललं, नळी काढली, शंकू काढला. "आता हे महत्त्वाचं. संध्याकाळपर्यंत स्वतःहून लघवी झाली पाहिजे. नाही झाली तर परत नळी, आणि मग मला खात्री देता येणार नाही."

परतीची वाट. साहेब गाडी चालवत होते, मी पेटीच्या जाळीतून सारखं आत पाहत होतो. मुन्शी उठला. गोल फिरला. टॉवेल उकरला. बसला. माझ्या मनात सोमवारची सकाळ आली.

मग जीपमध्ये वास पसरला. उग्र, झणझणीत, शंका न ठेवणारा. पेटीच्या दाराखालून एक धार निघाली आणि माझ्या चपलेपर्यंत आली.

"केलं का त्यानं?" साहेबांनी विचारलं.

"केलं, साहेब. भरपूर."

"माह्या गाडीत?"

"हो."

साहेबांनी गाडी कडेला घेतली, उतरले, मागचं दार उघडून पाहिलं आणि हसायला लागले. मला वाटतं, गाडी खराब झाल्याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात पुन्हा होणार नाही.

आता मुन्शी ठीक आहे. पेटी क्वार्टरमध्ये दार उघडं ठेवूनच असते, कारण बंद पेटी फक्त दवाखान्याच्या दिवशी दिसली तर मांजराला ती दवाखानाच वाटते. नवीन मांजर आणलेल्या माणसाला मी एवढंच सांगतो: बॅगेवर लिहिलेली क्षमता गप्प बसणाऱ्या मालाची असते. भिंत, चाप आणि वरचं झाकण पाहा, आणि पाहिल्यावर गुडघा ठेवून दाबा.

कापडी बॅगेचे साडेचारशे कंपनीने दिले. पेटीचे सोळाशे मी पदरमोड करून मासेवाल्या दुकानदाराला दिले, डॉक्टरांची फी वेगळी. क्रेट ओरखड्यांमुळे दूधवाल्याने परत घेतले नाहीत. त्यांचे दोनशे चाळीस रुपये ढोबळे साहेबांनी स्वतःच्या खिशातून कमलाबाईला दिले.